कक्षा जरा अजून कलती हवी

तो पहिल्यांदा कार्यशाळेत आला तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा बूट हातात होता.

"सरस मिळेल का थोडा?" दारातूनच त्याने विचारलं.

बुटाचा तळ पुढून असा उघडला होता, की मला हसूच आलं. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या बुटाला हसणं बरं दिसत नाही, म्हणून मी तोंड फिरवून फळीवरचा डबा काढला.

"सरसाने बूट चिकटत नाही. हे लावा. आणि मग दाबून धरायचं, जरा वेळ गप्प उभं राहून."

"दाबून धरणं जमेल," तो म्हणाला. "गप्प राहण्याचं मात्र… सांगता येत नाही."

मी विज्ञान संग्रहालयाच्या तळमजल्यावर प्रतिकृती बनवते. वरच्या दालनांत लोक वाकून वाकून बघतात ते हृदयाचे लाकडी कप्पे, तो फिरणारा ज्वालामुखी, ती काचेतली मुंग्यांची बिळं — सगळं आमच्या हातचं. आमचे मास्तर मला छिन्नी म्हणतात. ते कामावरून की जिभेवरून, हे मी कधी विचारायला गेले नाही.

त्या दिवशी माझ्या टेबलावर आपली आकाशगंगा होती. दोन्ही हात पसरले तरी कवेत मावणार नाही एवढी प्लायवूडची तबकडी, काळ्या रंगाची, तिच्यावर पांढऱ्या रंगाचे वळत गेलेले पट्टे. सूर्याचा दिवा बसवायला मी नुकतंच ड्रिलने भोक पाडलं होतं. कंपासने मध्य काढून, केसाचाही फरक न पडू देता. खरं सांगायचं तर मी त्या भोकावर खूश होते.

तो बूट दाबत दाबत टेबलाजवळ आला.

"हे भोक कशाचं?"

"सूर्याचं."

"…मध्यावर?"

"मग कुठे? सूर्य मध्येच असतो. शाळेतल्या तक्त्यावर बघितलं नाहीत का कधी?"

तो हसला. चांगला मोकळा, मोठ्याने हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक तर माझा डबा वापरायचा, माझ्या टेबलाशी उभं राहायचं आणि वर मलाच हसायचं!

"हसायला काय झालं?"

"तुम्हाला नाही हसत हो," तो घाईघाईने म्हणाला. "तुम्ही एकट्या नाही आहात. मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांनी नेमकी हीच चूक केली होती. आणि तीही आयुष्यभर मोजदाद करून! दुर्बीण घेऊन प्रत्येक दिशेचे तारे मोजले. इकडे एवढे, तिकडे तेवढे… सगळीकडे साधारण सारखेच भरले. मग त्यांनी ठरवलं, चहूकडे सारखेच आहेत म्हणजे आपण मध्ये आहोत. तक्त्यावरचा सूर्य ग्रहांच्या मध्ये असतो. आकाशगंगेत त्याची जागा… इथे." त्याने बोट ठेवलं. मध्यापासून पार दूर, एका फिकट पट्ट्याच्या कडेला, जिथे मी रंगाचा हात नीट फिरवलासुद्धा नव्हता.

"म्हणजे माझी तबकडी वाया गेली," मी म्हणाले.

"छे! ही तशीच ठेवा. हे भोक बुजवू नका. लोकांना चूक दाखवू, मग ती कशी कळली ते दाखवू. नुसतं उत्तर बघायला कोण जिना चढणार?"

दाखवू म्हणाला. मी मनात म्हटलं, हे 'आपण' कुठून आले मध्येच?

नंतर कळलं ते असं. तो वरच्या मजल्यावर व्याख्यानं द्यायला काही महिन्यांपुरता आला होता. ताऱ्यांमधल्या धुळीवर त्याचा अभ्यास होता, त्यामुळे मास्तरांनी लगेच त्याचं नाव 'धूळवाले डॉक्टर' ठेवून टाकलं. दूर दक्षिणेत, समुद्रापलीकडे, एका मोठ्या दुर्बिणीवर जागा मिळायची तो वाट बघत होता. आपल्या आकाशगंगेचा मध्य तिथे थेट डोक्यावर येतो म्हणे. आपल्याकडे तो बिचारा दक्षिणेकडे कललेलाच राहतो. बूट चिकटल्यावर हा माणूस सरळ आमच्या संचालकबाईंकडे गेला आणि आकाशगंगेच्या प्रदर्शनाचा सल्लागार होऊन आला. न विचारता, न बोलावता.

घरी आत्याला सांगितलं. आई-बाबांच्या मागे मला आत्यानेच वाढवलं. ती शिवणकाम करते, आणि आता नजर अधू झाल्यामुळे सुया मी ओवून देते.

"काय शिकवतो म्हणालीस?"

"धूळ, आत्या. ताऱ्यांमधली."

"मग घरी आण की त्याला. माळ्यावर हवी तेवढी आहे."

मग तो रोज यायला लागला. सकाळचा चहा झाला की जिन्यावर पावलं वाजायची, मास्तर माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आली धूळ," आणि मी उगाचच पॉलिशपेपर जोरजोरात घासायला लागायचे.

एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. रेल्वेच्या पादचारी पुलावरून मी कामाला निघाले, तर हा कठड्याला टेकून उभा.

"थांबा," तो म्हणाला. "इथे उभ्या राहा. किती लांबचं दिसतंय?"

"त्या खांबापर्यंत."

"आणि मागे?"

"त्या बाकापर्यंत. दोन्ही बाजूंनाही तेवढंच… का हो?"

"मग सांगा, शहराच्या बरोबर मध्यावर कोण उभं आहे?"

मी चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे सारखाच पांढरा पडदा, आणि मध्ये मी.

"मी," मी म्हणाले. मग ट्यूब पेटली. "अरे! म्हणजे ते तारे मोजणारे…"

"धुक्यात उभे होते. फक्त आपण धुक्यात आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं. ताऱ्यांमधली धूळ लांबचा उजेड अडवते. जवळपासचे तेवढे दिसतात, आणि आपल्याला वाटतं, झालं, एवढंच जग."

"पण माझ्या जागी तुम्ही उभे असता तर तुम्ही मध्ये असता."

"म्हणून तर तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलोय," तो म्हणाला. "उगाच वाद नको."

मी कठड्याकडे बघायला लागले. कानांत गरम व्हायला लागलं की मी कठड्याकडे, खिळ्याकडे, जे असेल त्याच्याकडे बघते.

"आता वर बघा," तो म्हणाला. धुकं खाली दाट होतं, वर विरळ. उंच इमारतींच्या माथ्यावरचे लाल दिवे तेवढे त्यातून बाहेर आले होते. आमच्या डाव्या हाताला एखाद-दुसरा दिवा. उजव्या हाताला मात्र दाटीच दाटी.

"सगळे एका बाजूला आहेत," मी म्हणाले. "तिकडे बाजारपेठ आहे. शहराचा मध्य तिकडे. आणि आपण…"

"आपण गावाबाहेरच्या वस्तीत. अगदी असंच कळलं! आकाशगंगेच्या तबकडीच्या वर आणि खाली ताऱ्यांचे गोल पुंजके आहेत, धुळीच्या बाहेर डोकं काढून बसलेले. त्यांच्यातले काही तारे ठरावीक लयीत उजळतात आणि मंदावतात. लयीवरून त्यांची खरी चमक कळते, आणि खरी चमक कळली की अंतर काढता येतं. एकाने बसून सगळ्या पुंजक्यांची अंतरं मांडली, तर सगळी गर्दी एकीकडे. त्या गर्दीचा जो मध्य, तोच आकाशगंगेचा मध्य. आपण तिथे नव्हतोच."

"वाईट वाटलं असेल लोकांना."

"तुम्हाला वाटलं?"

"इतकं नेमकं भोक चुकलं म्हणून वाटलं थोडं."

तेवढ्यात खालून मालगाडीची लांबलचक शिट्टी आली. गाडी दिसत नव्हती, रूळही दिसत नव्हते.

"ही बघा, हिला धुकं अडवत नाही," तो म्हणाला. "रेडिओ लहरी तशाच धुळीतून आरपार येतात. मध्य सापडला, पण त्याच्याभोवतीची ही वळणं कुणी पाहिली होती? ती या लहरींनी दाखवली. हायड्रोजनचा वायू कुठे दाटलाय, कुठल्या वेगाने फिरतोय, सगळं ऐकत गेले आणि नकाशा काढत गेले. तुम्ही रंगवलेत ना ते पट्टे, ते आधी कुणी डोळ्यांनी बघितलेच नव्हते."

तो बोलत होता आणि माझं लक्ष त्याच्या भुवयांवर होतं. धुक्याचे बारीक थेंब जमले होते तिथे. मला ते बोटाने पुसायचे होते. आडपडदा न ठेवता सांगते — त्या सकाळी आकाशगंगा राहिली बाजूला, मला फक्त तेवढंच करायचं होतं. मी हात खिशात घातले आणि उशीर होतोय म्हणाले.

प्रदर्शन एका तबकडीचं चार टेबलांचं झालं. पहिल्यावर माझं चुकीचं भोक, मोठ्या दिमाखात. दुसऱ्यावर ताऱ्यांचे पुंजके. ते मी काचेच्या मण्यांचे केले आणि तारांवर टांगले. तिसऱ्यावर रेडिओचा नकाशा. चौथं टेबल म्हणजे मध्याचाही मध्य. तिथे काही तारे एका रिकाम्या जागेभोवती भन्नाट वेगाने फिरतात. वर्षानुवर्षं, धुळीतून आरपार येणाऱ्या अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, किरणांमध्ये, लोक त्यांचे फोटो काढत बसले. ज्याच्याभोवती ते फिरतात ते काही दिसत नाही. पण ताऱ्यांच्या त्या धावण्यावरूनच कळलं, की तिथे लाखो सूर्यांचं वजन एका कोपऱ्यात दडून बसलंय.

"मध्ये काय ठेवायचं?" मी विचारलं होतं.

"काहीच नाही."

"मग लोकांना पटणार कसं?"

"ताऱ्यांकडे बघून," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग घसा खाकरून तारे फिरवणाऱ्या मोटारीचं विचारायला लागला.

ताऱ्यांच्या कक्षा मी पितळेच्या तारेच्या केल्या. प्रत्येक कक्षेचा कल वेगळा, म्हणून प्रत्येकीखाली लाकडाची पाचर. सगळं जुळलं आणि शेवटचा स्क्रू उरला. आमच्याकडे एक रीत आहे: शेवटचा स्क्रू सल्लागाराने पिळायचा. म्हणजे नंतर वर दालनात जाऊन तो तक्रार करू शकत नाही. ही मास्तरांची युक्ती.

मी त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. तो वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "ही कक्षा… जरा अजून कलती हवी."

मी पाचर नवी कापली. दोन दिवसांनी, "आता किंचित कमी." पुन्हा कापली. मग, "हो, पण आधी होती तेवढी नको." मी दातओठ खाल्ले. आत्यापाशी त्याचा उद्धार केला. आत्या टाका घालता घालता म्हणाली, "तो रोज लाकूड बघायला येतो होय गं?" मी पुढची सुई ओवायला घेतली.

चौथी पाचर कापून झाली तेव्हा ती मला ओळखीची वाटली. भंगाराच्या खोक्यात हात घालून मी सगळ्यात पहिली पाचर काढली आणि दोन्ही एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत! फिरवून फिरवून माणसाने मला जिथून निघाले तिथेच आणून सोडलं होतं.

मी रागवायला हवं होतं. मी त्या दोन पाचरी हातात धरून, भुशाच्या ढिगाशेजारी, वेड्यासारखी हसत बसले. एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसाला एक कोन ठरवता येत नाही, असं कसं होईल? प्रदर्शन संपलं की त्याला निघायचं होतं. म्हणून ते त्याने संपूच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. "पाचर झाली का?"

"नाही हो," मी म्हणाले. "लाकूड ओलं आहे. वाळायला हवं."

"हो हो, वाळू दे! घाई कशाला?" त्याचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

तो आठवडा मी जन्मभर विसरणार नाही. लाकूड कोरडं ठणठणीत होतं आणि आम्ही दोघं त्याच्या वाळण्याची वाट बघत होतो. तो स्टुलावर बसून मण्यांची तार धरायचा, मी त्याला हळू धरा म्हणून ओरडायचे. तारेचं टोक माझ्या बोटात गेलं तर तो स्वतःच्या रुमालाने बोट बांधून देत बसला — इतक्या सावकाश, की तेवढ्यात एखादी तबकडी रंगवून झाली असती. मास्तर वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

मग संचालकबाईंनी मला वर बोलावलं.

"तुमचं चौथं टेबल कधी संपतंय?" त्यांनी विचारलं. "त्या दुर्बिणीवाल्यांचे फोन येऊन राहिलेत. डॉक्टरांनी या शुक्रवारी होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल. ते म्हणतात, प्रदर्शन अपुरं टाकून मी जाणार नाही. काय अडलंय एवढं?"

एक महिना लागेल, एवढंच म्हणायचं होतं. माझ्यावर कुणी शंकाही घेतली नसती. तो राहिला असता. रोज जिन्यावर पावलं वाजली असती. अगदी जिभेवर आलं होतं…

"उद्या," मी म्हणाले. "उद्या संपतंय."

जिना उतरून मी खाली आले. मी स्वतःवरच चिडले होते आणि त्याच्यावर त्याहून जास्त. त्याने मला आधी सांगायला नको होतं?

दुसऱ्या दिवशी मी चौथं टेबल दालनात चढवलं. पाचर बसवली. तो आला, इकडे-तिकडे बघत.

"वर कसं आणलंत? ती कक्षा अजून—"

"कक्षा बरोबर आहे. पहिल्या दिवशीही बरोबर होती." मी खिशातून पहिली पाचर काढून टेबलाखालच्या पाचरीशेजारी धरली.

तो लाल झाला. कानांपर्यंत.

"…कधी कळलं?"

"आठवडा झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"लाकूड ओलं होतं."

त्याला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा…"

"हो. मीसुद्धा."

दालनात कुणी नव्हतं. छोटी मोटार घुं घुं करत होती, पितळेच्या तारांवरून तारे धावत होते. तो एक पाऊल पुढे आला.

"मग राहू दे ना हे असंच. मी आजच कळवून टाकतो, येत नाही म्हणून. इथे व्याख्यानं आहेत, तुम्ही आहात… मला नको ती दुर्बीण."

मला हेच ऐकायचं होतं. किती दिवसांपासून. आणि आता ऐकलं, तर हो म्हणवेना.

"तुम्ही राहिलात तर मला इतका आनंद होईल, की वर्षभर मी दुसरं काही बोलणारच नाही," मी म्हणाले. "मग एक दिवस तुम्ही गच्चीवर उभे राहून दक्षिणेकडे बघाल. मला विचारायचीही गरज पडणार नाही. आणि ते मला बघवणार नाही… माझं प्रेम आहे तुमच्यावर. धरा हा स्क्रू-ड्रायव्हर."

त्याने तो घेतला. मग गुडघ्यावर बसला. स्क्रू पिळताना त्याचा हात दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातावर हात ठेवून धरला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो घट्ट केला.

"झालं," तो म्हणाला. उठला नाही. "आता मी सल्लागार नाही. आता विचारतो. थांबशील माझ्यासाठी?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. आत्याला सोडून मी कुठे जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून 'येशील का' असं त्याने विचारलं नाही. तेवढ्यासाठी मला तो अजूनच आवडला.

"किती वर्षं?"

"तीन… कदाचित चार."

"त्या मध्यावरचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वीस हजार वर्षं लागतात, असं मी स्वतःच्या हाताने पाटीवर रंगवलंय," मी म्हणाले. "त्या मानाने तू लवकरच येशील."

मग मला रडू आलं. त्याच्या भुवयांवर धुकं नव्हतं, काही नव्हतं, तरी मी बोट फिरवलं.

शनिवारी तो गेला. आत्याने त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं. सुई मी ओवली. मी स्टेशनवर सोडायला गेले. गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मी आपली फलाटावर शहाण्यासारखी उभी राहिले, कारण धावत गेले असते तर थांबता आलं नसतं.

सोमवारी मी कामाला आले. नवीन काम होतं, देवमाशाचा सांगाडा. फळ्या कापायच्या होत्या. सकाळचा चहा झाला. कार्यशाळेत सगळ्यांचे हात जरा थांबले, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग जो तो आपल्या कामात डोकं घालून बसला.

"छिन्नी," मास्तर हळूच म्हणाले, "करवत सुरू कर बाळ. फळ्या पडल्यात."

"करते, मास्तर."

पण मी केली नाही. थोडा वेळ तशीच बटणावर बोट ठेवून उभी राहिले. तो आता समुद्रापलीकडे पोचला असेल, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही… करवत सुरू झाली की जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत.